जुन्या गाडीच्या भागांवरचा रंग सुटू नये म्हणून: तयारीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पद्मिनीच्या रिम, जुन्या जीपचे बोनेट किंवा चेतकचे बाजूचे पॅनल हौसेने रंगवून घेतले जाते आणि पहिलाच पावसाळा सरताना त्यावर फोड दिसू लागतात, किंवा नख लावले तरी पापुद्रा उचलला जातो. अशा वेळी दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. रंग सुटण्याची कारणे मात्र बहुतेक वेळा डब्याबाहेरची आणि मोजकी असतात: तेल, मेण किंवा सिलिकॉनचा अंश, सांध्यात उरलेला गंज किंवा क्षार, ओलावा, धातूला न मानवणारे अस्तर (प्रायमर) आणि रंगाच्या दोन हातांमधले, म्हणजे थरांमधले, चुकलेले अंतर. पुढील टप्पे घरच्या शेडमध्ये किंवा लहान गॅरेजमध्ये सुटे भाग रंगवणाऱ्यांसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण त्यांतील काही कामे योग्य असूनही केवळ आधी किंवा नंतर केल्यामुळे घातक ठरतात.

१. सुटलेला पापुद्रा आधी नीट पाहावा

भाग पुन्हा रंगवायचा असेल, तर आधीचा रंग कोणत्या थरापासून सुटला हे पाहिल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नये. पापुद्र्याची मागची बाजू उजेडात धरावी. रंग आणि अस्तर दोन्ही एकत्र निघाले आणि खाली स्वच्छ, चकचकीत धातू दिसला, तर धातू पुरेसा खरखरीत केलेला नव्हता किंवा त्यावर तेलकटपणा होता. पापुद्र्याच्या पाठीवर तांबूस भुकटी असेल, तर गंज अस्तराखाली जिवंत राहिला होता. अस्तर धातूवर शाबूत असून वरचा रंगच निघाला असेल, तर अस्तर वाळून कडक झाल्यावर ते न घासता रंग मारला गेला, किंवा मधल्या काळात त्यावर हात आणि धूळ लागली. पापुद्रा लांबीच्या (खड्डे भरण्याच्या पुटीच्या) थरातूनच फाटला असेल, तर लांबीत हार्डनर (ती कडक करणारा घटक) कमी पडला आहे किंवा तिने पाणी शोषले आहे.

फोड आले असतील तर एक फोड सुईने फोडून पाहावा. आत पाण्याचा अंश निघाला, तर रंगाखाली क्षार राहिले आहेत. हे क्षार रंगाच्या थरातून बाहेरचा ओलावा आत ओढत राहतात, म्हणून असे फोड उन्हाळ्यात बसल्यासारखे वाटले तरी पावसाळ्यात पुन्हा वर येतात.

२. दिवस आणि जागा निवडावी

नाशिकमध्ये हे काम करण्यास सर्वांत सोयीचा काळ दिवाळीनंतरचा आणि फेब्रुवारी-मार्चचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात, उघड्या शेडमध्ये अस्तर मारणे टाळावे. थंडीतही गाफील राहू नये. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा खूप खाली उतरतो, रात्रभर शेडमध्ये राहिलेला लोखंडी भाग सकाळी नऊ-दहा वाजताही गार असतो आणि त्यावर न दिसणारे दव बसते. इपॉक्सी (हार्डनर मिसळून वापरायच्या) अस्तराची वाळण्याची रासायनिक क्रिया १० अंशांच्या खाली अतिशय मंदावते. थंडीत काम साधारण अकरा ते चार या वेळेत उरकावे आणि भाग आधी तासभर उन्हात ठेवून नंतर सावलीत आणावा.

नियम असा की धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावे. दवबिंदूचा ढोबळ अंदाज काढण्यासाठी १०० मधून हवेतील आर्द्रता वजा करावी, उरलेल्या आकड्याला ५ ने भागावे आणि ती संख्या हवेच्या तापमानातून वजा करावी. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. म्हणजे धातू २८ अंशांपेक्षा थोडाही गार असेल, तर त्या दिवशी रंगकाम करू नये. हा अंदाज आर्द्रता निम्म्याहून अधिक असतानाच विश्वासार्ह असतो, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज पडते.

जागेबाबत या भागातील एक खास अडचण सांगणे आवश्यक आहे. दिंडोरीकडील एका मळ्यातील शेडमध्ये मी फेंडर रंगवत असताना ताज्या रंगावर मसुराएवढे गोल खड्डे पडू लागले. भाग दोनदा पुसला, स्प्रे गन धुतली, तरी खड्डे थांबेनात. शेजारच्या द्राक्षबागेत ब्लोअरने फवारणी सुरू होती. औषध पानावर पसरावे म्हणून त्यात मिसळले जाणारे अनेक स्प्रेडर सिलिकॉनवर आधारित असतात आणि सिलिकॉनचा अतिसूक्ष्म अंशही ओल्या रंगाला बाजूला ढकलतो. बागेला लागून शेड असेल तर फवारणीच्या दिवशी काम ठेवू नये, आणि फवारणीची बादली किंवा पंप भाग धुण्यासाठी कधीही वापरू नये. डॅशबोर्ड आणि टायर चमकवण्याची पॉलिशही त्याच कारणासाठी शेडबाहेर ठेवावी.

३. धातू आणि जुना रंग ओळखावा

चुंबक चिकटला तर लोखंड. न चिकटणारा, हाताला जड लागणारा आणि जुन्या गाड्यांच्या हँडलवर किंवा दिव्याच्या कड्यांवर आढळणारा ओतीव धातू बहुधा जस्ताची मिश्रधातू असतो, तर हलका भाग ॲल्युमिनियमचा. क्रोमचा मुलामा असलेल्या बंपरवर थेट रंग टिकत नाही. तो मुलामा प्लेटिंगवाल्याकडून उतरवून घ्यावा.

जुना रंग ठेवायचा की काढायचा हे ठरवण्यासाठी पांढऱ्या सुती कापडाची घडी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून भागाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट दाबून धरावी. रंग कापडावर उतरला तर तो एनसी प्रकारचा आहे. तो सुरकुतला किंवा मऊ पडून उचलला गेला तर सिंथेटिक इनॅमल आहे. काहीच झाले नाही तर टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) किंवा भट्टीत भाजलेला रंग आहे. पहिल्या दोन प्रकारांवर टू-के रंग मारल्यास त्यातील थिनर खालच्या थरात शिरून तो फुगवतो. माझ्या मते सुट्या भागांच्या बाबतीत तडजोड करू नये. भाग हातात घेऊन फिरवता येतो, मग जुना रंग धातूपर्यंत उतरवणेच श्रेयस्कर.

इशारा: जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडा घासून भुकटी उडवू नये, रिमूव्हरने किंवा पाणी पेपरने काढावा, आणि निघालेला गाळ मुले वावरतात अशा अंगणात टाकू नये.

४. घासण्याआधी धुणे आणि तेल काढणे

सर्वाधिक काम याच टप्प्यावर बिघडते. भाग हाती येताच त्यावर पॉलिश पेपर चालवण्याची सवय असते. तेलकट पृष्ठभाग घासला की तेल, ग्रीस आणि मेण पेपरच्या कणांबरोबर प्रत्येक ओरखड्यात दाबले जाते. नंतर कितीही पुसले तरी ओरखड्याच्या तळाशी ते राहतेच. म्हणून आधी तेल काढावे, मग घासावे, आणि घासल्यावर पुन्हा तेल काढावे.

साध्या साबणाच्या पावडरीने आणि ब्रशने भाग धुवावा, भरपूर पाण्याने खळखळून काढावा आणि वाळवावा. त्यानंतर वॅक्स आणि ग्रीस रिमूव्हर दोन कापडांनी लावावा. एका कापडाने हातभर भाग ओला करायचा आणि तो ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्यायचा. द्रव आपोआप उडून जाऊ दिला, तर विरघळलेले तेल पुन्हा त्याच जागी बसते. कापड सतत पालटत राहावे आणि ते धुतल्यानंतर फॅब्रिक सॉफ्टनर लावलेले नसावे.

गॅरेजमध्ये रॉकेल किंवा डिझेलमध्ये भाग धुण्याची जुनी रीत आहे. गिअरबॉक्सची काळी घाण काढण्यापुरती ती चालेल, परंतु दोन्हींचा तेलकट थर धातूवर राहतो, म्हणून त्यानंतर वरील संपूर्ण धुणे पुन्हा करावे लागते. इंजिनाच्या ओतीव भागांच्या छिद्रांत वर्षानुवर्षे तेल मुरलेले असते. असे भाग धुऊन, द्रव पूर्ण उडून गेल्यावर हीट गनने गरम करावेत, बाहेर आलेले तेल पुसावे, आणि गरम केल्यावर तेल येणे थांबेपर्यंत हे करत राहावे.

तपासणी: उभ्या धरलेल्या भागावर स्वच्छ पाणी सोडावे. पाण्याचा सलग पडदा अर्धा मिनिट टिकला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. पाणी फाटून थेंब झाले किंवा मध्ये कोरडी बेटे दिसली, तर तिथे तेल आहे. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि यानंतर भागाला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

५. जुना रंग आणि गंज काढणे

पेंट रिमूव्हरमध्ये तो लवकर उडून जाऊ नये म्हणून बहुधा मेण घातलेले असते. रंग निघाल्यावर हे मेण धातूवर, आणि विशेषतः दुमडलेल्या कडांत राहते. त्यामुळे डब्यावर सांगितल्याप्रमाणे पाणी किंवा थिनरने भाग धुवावा आणि नंतर टप्पा ४ मधील दोन कापडांची पद्धत पुन्हा करावी. कॉस्टिक सोड्यात भाग बुडवून रंग काढणारे लोक आहेत. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा भाग त्यात खाल्ला जातो, आणि लोखंडी भागाच्या सांध्यात उरलेला सोडा पुढे कित्येक महिने पाझरत राहून रंग उचलतो. ही पद्धत मी टाळतो.

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत ब्लास्टिंग (दाबाने बारीक कणांचा मारा करून सफाई) करून घेता येते. जाड ब्रॅकेट, रिम आणि सस्पेन्शनच्या आर्म्ससाठी ते उत्तम आहे. बोनेट, दार अशा पातळ पत्र्यावर जास्त दाबाने मारा केला तर पत्रा पिळवटतो आणि तो पूर्ववत होत नाही, म्हणून पत्र्यासाठी बारीक कण आणि कमी दाब मागून घ्यावा. ब्लास्ट केलेले लोखंड हवेतील ओलाव्याने काही तासांत गंजू लागते, त्यामुळे भाग घरी आणून दुसऱ्या दिवशी अस्तर मारण्याचा बेत करू नये. ब्लास्टिंग सकाळी आणि अस्तर त्याच दुपारी, असे ठरवूनच भाग द्यावा.

ब्लास्टिंग न करता गंज काढायचा असल्यास आधी घासून सुटा गंज काढावा आणि खोल खड्ड्यांतील गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण वापरावे. द्रावण भागावरच वाळू देऊ नये. ते ओले असतानाच भरपूर पाण्याने धुवावे, कारण आम्लाच्या पांढऱ्या-करड्या अंशावर इपॉक्सी अस्तर धरत नाही. बोअरवेलचे जड पाणी वापरत असल्यास शेवटची धुवण बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने घ्यावी, अन्यथा वाळलेले क्षारच पुढच्या फोडांचे बीज ठरतात. धुतल्यानंतर लगेच हवेचा झोत आणि हीट गन वापरून सांधे कोरडे करावेत.

६. धातूला पकड देणे

धातू चकचकीत होणे म्हणजे तयारी पूर्ण होणे, हा गैरसमज मलाही महागात पडला आहे. पद्मिनीच्या पाच रिम मी ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून आरशासारख्या उजळवल्या आणि त्यावर चांगल्या प्रतीचे इपॉक्सी मारले. टायर बसवताना लोखंडी पट्टी टेकताच कडेचा रंग सलग फितीसारखा सुटला. तारेचा ब्रश गंज काढतो, पण धातू कापत नाही. तो पृष्ठभाग दाबून गुळगुळीत करतो आणि थोडा गंजही खड्ड्यांत सारून झाकतो.

ब्रशनंतर ८० नंबरच्या पेपरने जाड भाग आणि १२० ते १८० नंबरने पत्रा घासावा. ओरखडे आडवे-उभे असावेत आणि कुठेही चमक उरू नये. कडा, भोकांचे काठ, वेल्डचे खोबण आणि स्टँपिंगच्या रेषा या जागा हमखास सुटतात आणि पापुद्राही तिथूनच सुरू होतो. त्यांसाठी पेपर दुमडून किंवा खरखरीत नायलॉन पॅडने हाताने काम करावे. ॲल्युमिनियमसाठी लोखंडावर वापरलेला पेपर घेऊ नये. लोखंडाचे कण त्यात रुतून पुढे गंजतात.

यानंतर हवा मारून धूळ काढावी, नायट्राइल हातमोजे घालून दोन कापडांची पद्धत तिसऱ्यांदा करावी, आणि शेवटी चिकट जाळीचे कापड न दाबता अलगद फिरवावे. ते दाबले तर त्यातील डिंक धातूवर उतरतो.

७. अस्तर निवडणे आणि मारणे

घासलेल्या उघड्या लोखंडासाठी टू-के इपॉक्सी प्रायमर हा बहुतेक वेळा निर्धास्त पर्याय आहे. ॲल्युमिनियम आणि जस्तासाठी त्या धातूवर चालते असे उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात स्पष्ट लिहिलेले इपॉक्सी किंवा वॉश प्रायमर घ्यावा. वॉश प्रायमरमध्ये आम्ल असते. तो पातळ, जवळजवळ पारदर्शक एकच हात मारायचा असतो. त्यावर थेट पॉलिस्टर लांबी भरू नये, आणि पत्रकात परवानगी नसल्यास इपॉक्सीही मारू नये, कारण आम्ल त्यांच्या वाळण्यात अडथळा आणते. दोन्ही अस्तरे मारली म्हणजे दुप्पट पकड मिळेल, असे मानणारे पेंटर भेटतात. परिणाम उलटा होतो.

प्रमाण मोजपट्टीच्या कपाने घ्यावे, अंदाजाने नाही. काही इपॉक्सींना हार्डनर मिसळल्यानंतर ठरावीक वेळ मुरू द्यावे लागते. ती वेळ पाळली नाही तर अस्तर वाळल्यासारखे दिसते, पण मऊ राहू शकते.

इशारा: इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग पातळ करण्यासाठी स्वस्त एनसी थिनर वापरू नये. त्यातील अल्कोहोल पीयूच्या हार्डनरशीच अभिक्रिया करते आणि रंगाला पुरेसा हार्डनर उरत नाही. डब्यात आणि गनमध्ये फरक दिसत नाही, म्हणूनच ही चूक वर्षभराने उघड होते.

कॉम्प्रेसरची टाकी काम सुरू करण्यापूर्वी खालच्या कॉकमधून रिकामी करावी. गनआधी पाणी-तेल अडवणारा फिल्टर असावा, आणि तो कॉम्प्रेसरला चिकटून न ठेवता काही मीटर पाइपनंतर लावावा, म्हणजे गरम हवा गार होऊन पाणी आधीच वेगळे होते. हवेचा झोत स्वच्छ आरशावर अर्धा मिनिट सोडून पाहावा. डाग दिसला तर गन उचलू नये.

अस्तराचे दोन पातळ हात मारावेत आणि मधला वेळ पत्रकाप्रमाणे सोडावा. एकदम जाड हात मारला तर वरची साय वाळते, आतले थिनर अडकते, आणि ते पुढे रंगाखाली वाट शोधते.

इशारा: टू-के रंग आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा धुळीचा कागदी मास्क यांचा काहीही उपयोग नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर हे काम बूथ असलेल्या पेंटरकडे द्यावे.

८. लांबी, सर्फेसर आणि रंग

लांबी उघड्या, घासलेल्या धातूवर किंवा पत्रकात परवानगी असलेल्या इपॉक्सीवर भरावी. सिंथेटिक रंगावर किंवा त्याच्या कडेवर चढवू नये. हार्डनर जास्त घातल्याने ती लवकर वाळते खरी, पण हार्डनरमधले उरलेले पेरॉक्साइड वरच्या रंगावर डाग पाडते. आणखी एक चूक अनेक ठिकाणी रीत म्हणूनच चालते: लांबी पाणी पेपरने घासणे. लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी शोषते, आणि अस्तराखाली कोंडलेले ते पाणी पहिल्या उन्हात फोड बनून येते. लांबी कोरडीच घासावी, धूळ मास्क लावून.

इपॉक्सीवर पुढचा थर न घासता मारण्याची मुदत प्रत्येक उत्पादनाची वेगळी असते, ती पत्रकात पाहून भिंतीवर खडूने लिहून ठेवावी. मुदत उलटली तर ३२० नंबरने पूर्ण पृष्ठभाग निस्तेज होईपर्यंत घासावा. सर्फेसर (रंगाआधीचा, घासून सपाट करायचा थर) शेवटी ६०० ते ८०० नंबरने घासून त्यावर रंग मारावा. याहून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा.

९. पट्टीवर परीक्षा, मगच जोडणी

प्रत्येक टप्प्यावर भागाशेजारी त्याच धातूची एक पट्टी ठेवून तिच्यावरही तेच सर्व करावे. परीक्षा तिची घ्यायची, भागाची नाही. रंग पूर्ण कडक झाल्यावर, म्हणजे साधारण आठवड्याने, धारदार कटरने धातूपर्यंत पोहोचणाऱ्या सहा उभ्या आणि सहा आडव्या रेषा ओढाव्यात. थरांची एकूण जाडी ६० मायक्रॉनपर्यंत (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर रेषांत १ मिलिमीटर, आणि ६० ते १२० मायक्रॉन असेल तर २ मिलिमीटर अंतर ठेवावे. तयार झालेल्या पंचवीस चौकोनांवर चिकटपट्टी घट्ट दाबून ती झटक्यात ओढावी. रेषांच्या काठावर बारीक कण निघाले तर चालते. सबंध चौकोन निघाले तर ते कोणत्या थरापासून निघाले हे टप्पा १ प्रमाणे पाहावे आणि त्या थरापर्यंत मागे जावे.

पट्टी उत्तीर्ण झाली तरी भाग लगेच कसून बोल्ट करू नये. वॉशरखाली मऊ रंग दाबून फाटला की तिथून पाणी आत शिरते. बिजागरी आणि बोल्टच्या बैठकी आधीच चिकटपट्टीने झाकून तिथे फक्त अस्तराचा पातळ हात ठेवावा, नाहीतर रंगाची जाडी बोल्टखाली दबून बोल्ट काही दिवसांत सैल होतो. ब्रेक ऑइल रंगवलेल्या मास्टर सिलिंडरच्या ब्रॅकेटवर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. नेहमीचे ब्रेक ऑइल बहुतेक रंग मऊ करते आणि नुसते पुसल्याने ते पसरते.